हिरवळ विंचरायची वेळ

सदर : घर-अंगण

बकरी ईद होऊन गेली, पावसाने हजेरी लावली, आणि दरवर्षीप्रमाणे बागेविषयीच्या पत्रांची संख्या वाढली. या वेळी त्यातले एकच पत्र घेते, कारण त्यातली अडचण अनेक घरांची आहे आणि तिच्यावरचा इलाज करण्याचे दिवस नेमके हेच आहेत.

मिरजेच्या एका भगिनीने लिहिले आहे : घरापुढची सहाशे चौरस फुटांची हिरवळ त्यांच्या मरहूम सासऱ्यांनी स्वतः उभे राहून लावून घेतली होती. दहा-अकरा वर्षे ती छान राहिली. गेली दोन वर्षे मात्र ती ठिकठिकाणी पिवळी पडते. रोज अर्धा तास पाइपने पाणी दिले जाते, महिन्याला युरिया टाकला जातो, उन्हाळ्यात तर टँकरही मागवला. फरक पडला नाही. आता घरातल्या मंडळींनी हिरवळ उपटून पेव्हर ब्लॉक बसवायचे ठरवले आहे. सासूबाई असरच्या नमाजनंतर तिथेच खुर्ची टाकून बसतात. त्या काही बोलत नाहीत, पण त्यांच्या मनाला हे रुचलेले नाही. शिवाय डिसेंबरात मुलीचा निकाह आहे आणि मांडव त्याच जागेत पडायचा आहे. "हिरवळ वाचेल की नाही, एवढे स्पष्ट सांगा," असे त्या विचारतात.

बहुतेक वाचेल. पण त्यासाठी तिला आणखी काही द्यायचे नाही, तिच्यातून काही काढायचे आहे.

पिवळेपणा कशाचा, हे आधी पाहा

हिरवळ पिवळी दिसली की आपण ती तहानलेली किंवा उपाशी आहे असे धरून चालतो. खुरपे घ्या आणि पिवळ्या जागेच्या कडेला केकचा तुकडा कापावा तसा तीन-चार इंच खोल तुकडा कापून उचला. कडेने पाहिले तर वर हिरवी पाती आणि खाली माती दिसेल. या दोहोंच्या मध्ये तपकिरी, काथ्यासारखा, दाबला तर स्पंजसारखा लागणारा थर दिसेल. मुलांच्या कंपासपेटीतली पट्टी लावून तो थर मोजा.

हा थर वाळलेल्या काड्या, जुनी खोडे आणि मुळ्या यांचा असतो. माळी लोक त्याला थॅच म्हणतात. अर्ध्या इंचापर्यंत असेल तर तो हवाच. तो जमिनीवर गादीसारखा राहतो, ओल टिकवतो, उन्हापासून मुळांना सांभाळतो. अर्ध्या इंचाच्या वर गेला की तोच गळ्याला फास होतो. एकदा हा थर कोरडा पडला की पाणी सहजी आत घेत नाही. वरून दिलेले पाणी तिथेच अडते किंवा कडेने वाहून जाते आणि खालची माती कोरडीच राहते. मग मुळेही मातीत न जाता त्या थरातच पसरतात. दोन दिवस पाणी चुकले की अशी हिरवळ लगेच पिवळी पडते, कारण तिची मुळे जमिनीत नसतातच. ओल आणि उष्णता मिळाली की त्याच थरात बुरशी आणि अळ्यांनाही घर मिळते.

पाणी दिल्यावर तासाभराने पुन्हा एक तुकडा कापून पाहा. थर ओला आणि माती कोरडी निघाली, तर आजार कोणता ते कळलेच.

पिवळेपणाची आणखी दोन कारणे मात्र वेगळी आहेत, ती ओळखून बाजूला काढा. पहिले कारण आपल्या घरांतले नेहमीचे : ईदच्या आधी आठवडाभर बकरा जिथे बांधला होता ती जागा. बकऱ्याच्या मुतात नत्र फार असते, त्यामुळे मधोमध गवत जळते आणि भोवती गर्द हिरवे कडे उमटते. तिथे भरपूर पाणी सोडून माती धुऊन काढली की गवत आपोआप भरून येते. पुढच्या वर्षी दावे दर दिवशी वेगळ्या जागी बांधा किंवा बकरा फरशीवरच ठेवा. दुसरे कारण हुमणी. पिवळे गवत हाताने ओढल्यावर चटईसारखे उचलले जात असेल आणि खाली इंग्रजी सी अक्षरासारख्या वाकलेल्या पांढऱ्या अळ्या दिसत असतील, तर मुळे खाल्ली गेली आहेत. तिथे आधी हुमणीचा बंदोबस्त करावा, पुढचा इलाज नंतर.

थर साठतो कशाने?

कापलेली पाती हिरवळीवर राहिली म्हणून थर साठतो, असा पुष्कळांचा समज आहे. तसे नाही. कोवळी पाती काही दिवसांतच कुजून मातीत जातात आणि खताचे काम करतात. कुजायला वेळ लागतो तो खोडांना, धावत्या काड्यांना आणि मुळ्यांना. त्या जितक्या वेगाने वाढतात तितक्या वेगाने कुजल्या नाहीत की थर चढत जातो. कुजण्याचे काम जमिनीतले सूक्ष्म जीव आणि गांडुळे करतात. आपण महिन्या-महिन्याला युरिया देऊन काड्यांची वाढ पळवतो आणि वर कीटकनाशक ओतून गांडुळे मारतो. मग कुजवणार कोण? रोज थोडे थोडे पाणी दिल्याने मुळे वरच राहतात. काळी माती पायांखाली दबून घट्ट झाली असेल, तर तिच्यात हवाही खेळत नाही.

म्हणजे या घरात हिरवळीकडे दुर्लक्ष झालेले नाही, उलट तिचे लाड जास्त झाले. थोडा हिशेब करून पाहू. पाइपखाली बादली धरा. पंधरा लिटरची बादली एका मिनिटात भरत असेल, तर अर्ध्या तासाचे साडेचारशे लिटर होतात. महिन्याचे झाले साडेतेरा हजार लिटर. सहाशे चौरस फूट म्हणजे सुमारे ५६ चौरस मीटर. उन्हाळ्यातही या हिरवळीला आठवड्याला २५ मिलिमीटर, म्हणजे सुमारे १४०० लिटर पाणी पुष्कळ झाले. आपण दिले ३१५० लिटर. वाहत्या नदीकाठी वुजू करतानाही पाणी वाया घालवू नये, अशी शिकवण आपल्याला मिळालेली आहे. टँकरचे पाणी काड्यांच्या थरावर ओतणे हा इसराफच आहे, मग तो कितीही मायेने केलेला असो.

विंचरण्याची वेळ

हा थर दाताळ्याने ओढून काढण्याच्या कामाला इंग्रजीत स्कॅरिफाय करणे म्हणतात. आपल्या भाषेत हिरवळ विंचरणे म्हटले की नेमके कळते. गुंता आणि मेलेले केस काढायचे, जिवंत केस उपटायचे नाहीत.

इंग्लंडमधल्या बागकामाच्या व्हिडिओंत हे काम सप्टेंबरात करा, असे सांगतात. तिथे ते बरोबर आहे. तिथले गवत थंडीत रमणारे. विम्बल्डनच्या टेनिस कोर्टांवर २००१ पासून निव्वळ रायग्रास असते आणि ते आठ मिलिमीटर उंचीवर कापतात. ते गवत शरद ऋतूतल्या ओलीत जोमाने फुटते, म्हणून विंचरण्याच्या जखमा तेव्हा भरून येतात. ब्लॅकबर्न किंवा बर्मिंगहॅमला राहणाऱ्या आपल्या कोकणी नातलगांनी त्याच वेळापत्रकाने चालावे. आपल्याकडची हरळी मात्र उन्हाची आणि पावसाची. थंडी पडू लागली की तिची वाढ मंदावते. नियम दोन्हीकडे एकच : गवत जोमात वाढत असेल तेव्हाच विंचरावे, म्हणजे ते लवकर सावरते.

महाराष्ट्रात असे दोन काळ मिळतात. एक, फेब्रुवारीअखेर ते मार्च, जर घरी पुरेसे पाणी असेल तर. दुसरा आणि आपल्यासाठी सोयीचा काळ म्हणजे पावसाळ्याची सुरुवात, दोन-तीन चांगल्या सरी पडून गेल्यावर. माती ओली हवी, चिखल नको. कोकणात संततधार असताना हात लावू नका, उघडीप मिळेल तो दिवस धरा. आकाश ढगाळ असेल तर उत्तम. एप्रिल-मेच्या उन्हात आणि डिसेंबर-जानेवारीच्या थंडीत हे काम करू नये. वर्षा-दीड वर्षाच्या आतल्या नव्या हिरवळीलाही याची गरज नसते.

पत्र लिहिणाऱ्या भगिनीला म्हणून सांगते : डिसेंबरचा निकाह धरून नोव्हेंबरात हिरवळ नटवायला जाल तर मांडवाखाली उघडी माती दिसेल. आत्ता कराल तर सप्टेंबरपर्यंत इन्शाअल्लाह ती भरलेली असेल.

गवत कोणते आहे?

दाताळे उचलण्याआधी हे पाहणे आवश्यक आहे. हरळीला जमिनीवर धावणाऱ्या काड्या असतात आणि जमिनीखालीही खोडे असतात. वरचे निम्मे ओढले गेले तरी ती खालून फुटते, त्यामुळे तिला जोर लावून विंचरले तरी चालते. नर्सरीत कोरियन किंवा कार्पेट लॉन म्हणून मिळणारे बारीक, मखमली, उंचवट्यांनी वाढणारे गवत फार हळू वाढते. ते एकदाच आणि हलक्या हाताने विंचरावे, सावरायला त्याला दोन-तीन महिने लागतात. सावलीत लावतात ते रुंद पानांचे गवत फक्त वरच्या काड्यांवर जगते. त्यात दाताळे जोराने ओढले तर गवतच हातात येईल, म्हणून तिथे बोटांनी सुकलेले तेवढे वेचावे.

काम कसे करावे

आधी हिरवळ नेहमीपेक्षा खाली कापा, पण एकदम नाही. दोन इंच असेल तर पाच-सहा दिवसांच्या अंतराने दोन कापण्यांत एक इंचावर आणा.

मग पंख्याच्या आकाराचे, लवचिक तारांचे दाताळे घ्या. दात जमिनीला टेकतील इतकाच दाब देऊन आपल्याकडे ओढा. आधी सगळी हिरवळ एका दिशेने, गोळा झालेल्या काड्या उचलून झाल्यावर आडव्या दिशेने. माती खरवडली जाऊ लागली की दाब कमी करा. थर इंच-दीड इंचाचा असेल तर तो सगळा एकाच वेळी काढायचा हट्ट धरू नका. निम्मा आत्ता, उरलेला फेब्रुवारीच्या अखेरीस. माळ्याकडे यंत्र असेल तर त्याची पाती मातीला दोन-तीन मिलिमीटरच लागतील अशी बसवून घ्या.

दोन माणसांचा दिवस जाईल. कंबर दुखेल. निघालेल्या काड्यांचा ढीग पाहून छाती दडपेल, पण तो ढीग म्हणजेच आजार होता. हे काम एकट्या सूनबाईंवर किंवा वयस्कर माळीचाचांवर टाकू नका. आपले नबी (स.) घरातली कामे स्वतःच्या हातांनी करत, हे आपण मुलांना सांगतो. एका रविवारी घरातल्या पुरुषांनी आणि मुलांनी दाताळे हातात घेतले तर ती गोष्ट त्यांना जास्त कळेल.

ढीग जाळू नका. त्यातल्या हिरव्या, जिवंत, गाठी असलेल्या काड्या आधी वेगळ्या काढून ओल्या गोणपाटाखाली ठेवा, त्या पुढे लागतील. बाकीच्या उन्हात कडकडीत वाळू द्या. हरळी किती चिवट असते हे शेतकऱ्याला विचारा. ओली काडी खतात पडली तर तिथेच रुजेल आणि पुढच्या वर्षी तुमच्या गुलाबाच्या कुंडीत उगवेल. वाळलेल्या काड्या मात्र स्वयंपाकघरातल्या ओल्या कचऱ्याबरोबर थराथराने खड्ड्यात घातल्या की सावकाश चांगले खत होते.

आता जमिनीला श्वास द्या. काटेरी फावड्याने किंवा जाड सळईने चार-चार, सहा-सहा इंचांवर चार इंच खोल भोके पाडा. काळ्या घट्ट मातीत हे टाळू नका.

त्यावर माती पसरा. चाळलेली पोयटा माती, पूर्ण कुजलेले शेणखत किंवा गांडूळखत आणि थोडी रेती, असे मिश्रण चालते. नुसती रेती काळ्या मातीवर टाकू नका, त्याचा वेगळाच थर बसतो. जाडी पाव इंचापेक्षा जास्त नको. सहाशे चौरस फुटांना साधारण बावीस-तेवीस घमेली लागतील. खराट्याने झाडून ती भोकांत आणि काड्यांच्या मध्ये उतरवा, पात्यांची टोके वर दिसली पाहिजेत. या मातीबरोबर जे सूक्ष्म जीव येतात ते उरलेला थर कुजवायला घेतात.

जिथे जागा उघडी पडली तिथे बाजूला ठेवलेल्या जिवंत काड्या तीन-तीन इंचांवर खोचा, एक गाठ मातीत आणि एक वर. नवे गवत विकत आणावे लागणार नाही.

खत लगेच देऊ नका. पंधरा दिवसांनी नवे फुटवे दिसले की सहाशे चौरस फुटांना तीनशे ग्रॅम युरिया पुरेसा आहे. पाती कोरडी असताना सारखा पसरवा आणि लगेच पाणी द्या. त्याहून जास्त दिलात तर पुन्हा तेच चक्र सुरू होईल.

तीन आठवड्यांचा सब्र

विंचरल्यावर हिरवळ भयंकर दिसते. तपकिरी, विरळ, कुठे कुठे नुसती माती. शेजारी विचारतील, घरातले म्हणतील, "होती तेवढीही घालवली." याच क्षणी पुष्कळ लोक घाबरून पुन्हा युरियाची गोणी उघडतात किंवा पेव्हरवाल्याला फोन करतात. तसे करू नका. तीन आठवडे तिथे खुर्ची नको, क्रिकेट नको, सायकल नको. पावसाने आठवडाभर दडी मारली तरच पाणी द्या. हरळी तीन-चार आठवड्यांत जमीन झाकू लागते. सासूबाईंची खुर्ची तेवढे दिवस ओट्यावर ठेवा, आणि ती तिथे का ठेवली आहे तेही त्यांना सांगा.

पेव्हर ब्लॉकचा विचार करणाऱ्यांसाठीही एक हिशेब आहे. ज्या गावात वर्षाला ६०० मिलिमीटर पाऊस पडतो तिथे ५६ चौरस मीटर जागेवर तेहतीस हजार लिटरपेक्षा जास्त पाणी पडते. निरोगी हिरवळीखालची सच्छिद्र माती त्यातला मोठा वाटा जिरवते. सिमेंटच्या थरावर घट्ट बसवलेल्या ब्लॉकवरून त्यातले बहुतेक गटारात जाते, आणि मेमध्ये आपण बोअरला पाणी नाही म्हणून टँकर मागवतो. दुपारी तापलेले ब्लॉक संध्याकाळीही गरम असतात. असरनंतर त्यांच्यावर खुर्ची टाकून कोण बसेल? गाडीसाठी दोन पट्टे फरशीचे करून घ्या, बाकी जागा मोकळी राहू द्या.

पुन्हा थर चढू नये म्हणून

पावसाळा संपल्यावर पाणी रोज थोडे न देता आठवड्यातून एकदा-दोनदा भरपूर द्या, म्हणजे मुळे खाली जातील. साबण न मिसळलेले वुजूचे पाणी एका टाकीत जमवून हिरवळीला दिले तरी चालते. गवत वेळच्या वेळी कापा, पण एका वेळी उंचीच्या एक तृतीयांशापेक्षा जास्त कापू नका. अशी कापलेली बारीक पाती तिथेच पडू द्या. युरिया महिन्याला न देता वाढीच्या दिवसांत दोन-तीनदाच द्या आणि तोही बेताने. कीड दिसल्याशिवाय कीटकनाशक शिंपडू नका, गांडुळे तुमचे बिनपगारी माळी आहेत. कंपाउंडच्या भिंतीच्या सावलीत शेवाळ येत असेल तर ते ओरबाडून काढल्यावर पुन्हा येणारच. तिथे फांद्या छाटून ऊन येऊ द्या, पाण्याचा निचरा करा, आणि तेही जमत नसेल तर त्या पट्ट्यात गवताचा नाद सोडून सावलीतली झाडे लावा.

वर्षातून एकदा, पहिल्या सरींनंतर, खुरप्याने तुकडा कापून थर पट्टीने मोजायची सवय ठेवा. अर्ध्या इंचाच्या आत असेल तर खुरपे धुऊन ठेवा आणि खुर्ची टाकून बसा. त्या वर्षी हिरवळीला तुमच्याकडून बाकी काही नको असते.